टेप चालू, कन्व्हर्टर गायब: लॅपटॉपवर यूएसबी ऑडिओ कन्व्हर्टर वारंवार सुटतो तेव्हा

डबलबारीच्या, दशावताराच्या, नमन-खेळ्यांच्या कॅसेट कोकणातल्या बऱ्याच घरांत अजून ट्रंकेत पडून आहेत. त्या वाजवणारे डेक मात्र कमी होत चालले, म्हणून जो तो आता त्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायच्या मागे आहे. पद्धत सोपी आहे. डेकच्या लाईन-आउटमधून लाल-पांढऱ्या पिनांची वायर कन्व्हर्टरमध्ये आणि कन्व्हर्टर, म्हणजे डेकचा आवाज लॅपटॉपला कळणाऱ्या आकड्यांत बदलणारी छोटी डबी, लॅपटॉपच्या यूएसबीत. आजच्या लॅपटॉपला लाईन-इनचे भोक नसतेच. असते ते हेडफोन आणि माइकचे एकत्र, म्हणून कन्व्हर्टर घ्यावाच लागतो. आणि मग बाजू निम्मी उतरते न उतरते तोच लॅपटॉप दोन सुरांत कुरकुरतो, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममधली आवाजाची लाट सपाट होते आणि मागे बसलेला कोणीतरी म्हणतो, "गेलो मरे परत आवाज!"

मी कुडाळकडे आजूबाजूच्या भजनी मंडळांच्या कॅसेट उतरवून देतो. लोक आपापले कन्व्हर्टरही दाखवायला आणतात. येणाऱ्याने बहुतेक वेळा एक उपाय करून झालेला असतो: ड्रायव्हर (कन्व्हर्टर चालवणारा छोटा प्रोग्राम) काढला, परत टाकला, पुन्हा काढला, पुन्हा टाकला. नेटवर कुठेही विचारा, हाच सल्ला मिळतो. माझे मत उलटे आहे. समुद्राकाठच्या गावात पहिला संशय पिनेवर घ्यावा, दुसरा विजेवर, आणि ड्रायव्हरकडे सगळ्यात शेवटी वळावे. का, ते पुढे येईलच.

आधी कानाने तपासा

लॅपटॉपचा आवाज चालू ठेवून कन्व्हर्टर लावा. विंडोज चारपैकी एक गोष्ट करेल.

खालून वर जाणारे दोन सूर आले तर वस्तू लागली आणि ओळखली गेली. वरून खाली येणारे दोन सूर म्हणजे ती सुटली. एकाच उंचीचे तीन ठोके आले तर काहीतरी लागल्याचे कळले, पण ओळख पटली नाही. आणि काहीच वाजले नाही तर लॅपटॉपच्या लेखी तुम्ही काही लावलेलेच नाही.

या चारही गोष्टींची कारणे वेगळी आहेत, आणि त्या एकत्र केल्या की दिवस जातो.

काहीच वाजत नाही, पण कन्व्हर्टरवरचा दिवा मात्र लागतो, हा प्रकार बराच दिसतो. दिवा लागला म्हणून माणूस कन्व्हर्टरला निर्दोष ठरवतो. पण यूएसबी २च्या केबलमध्ये चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन डेटाच्या. दिवा लागायला पहिल्या दोन पुरतात. केबल वेगळी निघणाऱ्या कन्व्हर्टरला घरातली कुठलीतरी मोबाईल चार्जिंगची केबल लावली जाते, आणि स्वस्तातल्या पुष्कळ चार्जिंग केबलींत डेटाच्या तारा टाकलेल्याच नसतात. केबल बदला. त्याच केबलने फोनमधले फोटो लॅपटॉपवर उतरतात का, हे पाहिले तरी निकाल लागतो.

तीन ठोके आले तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. स्टार्टच्या चिन्हावर राइट क्लिक केले की यादीत तो सापडतो. तिथे पिवळ्या त्रिकोणासह 'अननोन यूएसबी डिव्हाइस' आणि पुढे 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' असे दिसेल. प्रॉपर्टीजमध्ये कोड ४३. याचा अर्थ, लॅपटॉपने विचारले "तू कोण?" आणि समोरून धड उत्तर आले नाही. ओळखच पटलेली नाही, तेव्हा कोणता ड्रायव्हर लावायचा हा प्रश्न विंडोजपुढे अजून आलेलाच नाही. इथे ड्रायव्हर काढून-घालून काही हाती लागत नाही. दोष संपर्कात, केबलमध्ये, विजेत किंवा खुद्द कन्व्हर्टरच्या पोटात आहे.

सूर वर-खाली, वर-खाली असे सतत वाजत राहिले तर संपर्क ढिला आहे किंवा व्होल्टेज डुगडुगते आहे. केबल पिनेपाशी हलकेच हलवून ऐका. हलवण्याबरोबर सूर बदलले तर कारण तिथेच सापडले.

आणि सूर व्यवस्थित वर गेले, पण आवाज उतरत नाही, तर कन्व्हर्टर ठीक आहे. मग थेट 'दिसतो, पण आवाज घेत नाही' या भागावर जा.

दोष लॅपटॉपचा की कन्व्हर्टरचा हे ठरवायला दुसरा लॅपटॉप हवा असे वाटते, आणि वाडीत तो कुणाकडे असेलच असे नाही. फोन मात्र असतो. अँड्रॉइड ५पासून, म्हणजे २०१४पासून, फोनमध्ये यूएसबी ऑडिओची सोय आहे. ओटीजीचा, म्हणजे फोनला यूएसबीच्या वस्तू लावायचा, छोटा जोड घ्या, कन्व्हर्टर फोनला लावा, कन्व्हर्टरच्या हेडफोनच्या भोकात इअरफोन घाला आणि फोनवर काहीही वाजवा. काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमधून चालू करावे लागते. इअरफोनमध्ये ऐकू आले तर यूएसबीची बाजू जिवंत आहे.

खारी हवा

मिठाचा गुण असा की हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतले पाणी ओढून आपोआप विरघळू लागते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातले मीठ पाझरते ते त्यामुळेच. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा बहुतेक वेळ त्या मर्यादेच्या वर असते. समुद्रावरून येणारे मिठाचे बारीक कण पोर्टमधल्या पट्ट्यांवर बसलेले असतातच. पावसाळ्यात त्यांचा ओला खारट थर होतो. तो एका पट्टीवरून दुसरीवर वीज झिरपू देतो आणि खालचा धातूही खातो. चांगल्या पिनेवर निकेल आणि त्यावर सोन्याचा मुलामा असतो. स्वस्त पिनेवर तो मुलामा नावापुरता, त्यामुळे काही पावसाळ्यांत तिथे हिरवट बुरशीसारखा थर दिसू लागतो.

पिन उलटी करून टॉर्चच्या उजेडात पाहा. नेहमीच्या चपट्या यूएसबी पिनेत चार पट्ट्या असतात. कडेच्या दोन लांब असतात, त्या विजेच्या. मधल्या दोन थोड्या आखूड, त्या डेटाच्या. मधल्या पट्ट्या काळपट किंवा हिरव्या असतील तर दिवा लागूनही ओळख न पटण्याचे कोडे सुटले.

"त्याच पोर्टात पेन ड्राइव्ह झकास चालतो, म्हणजे पोर्ट चांगला," असे प्रत्येकजण म्हणतो. हा पुरावा पुरेसा नाही. पेन ड्राइव्हवर फाईल जाताना डेटाचे एखादे पाकीट बिघडले तर ते पुन्हा मागवले जाते. आपल्याला कळतही नाही, फार तर फाईल जरा सावकाश जाते. आवाजाचे तसे नसते. ४८ किलोहर्ट्झचा स्टिरिओ, १६ बिटचा आवाज म्हटला की दर मिलिसेकंदाला १९२ बाइट ठरल्या वेळी पोचलेच पाहिजेत, आणि बिघडलेले पाकीट परत मागवायची सोय यूएसबीच्या या प्रकारच्या वहनात ठेवलेलीच नाही. वेळ निघून गेली की पाकीट गेले. म्हणून गंजलेला पोर्ट पेन ड्राइव्हला चालतो आणि आवाजाला अडतो.

साफ करायचे असे. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात 'आयपीए' म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते, ९९ टक्क्यांचे घ्या. पिनेसाठी इअरबडवर दोन थेंब पुरतात. पोर्टासाठी दात कोरायच्या लाकडी काडीला धागे न सुटणारा पातळ कपडा गुंडाळा आणि आतल्या जिभेवरून हलक्या हाताने पुढे-मागे फिरवा. सुई, टाचणी, स्क्रू-ड्रायव्हर आत घालायचे नाही. नंतर दहा-पंधरा मिनिटे उघडे ठेवून मग लावा.

हँड सॅनिटायझर वापरू नका. त्यात बहुधा ग्लिसरीन असते, आणि ते चिकट थर ठेवून जाते. रॉकेल, खोबरेल, गंज काढायचा तेलकट स्प्रे, यांपैकी काही नको. पिन चकचकीत करायला खोडरबर घासणारेही भेटतात. त्याने चकाकी येते खरी, पण उरलासुरला सोन्याचा मुलामा निघतो आणि पुढच्या पावसाळ्यात पिन आणखी लवकर जाते. डेकमागच्या लाल-पांढऱ्या पिना बहुधा साध्या निकेलच्या असतात, त्यांना खोडरबर चालेल. त्या भोकात घालून दोन-चार वेळा गोल फिरवल्या तरी बराच फरक पडतो.

कन्व्हर्टर थेट पोर्टात खोचून त्याला जाड वायरी लोंबकळत ठेवणे हीसुद्धा वाईट सवय आहे. वजनाने पोर्टातली जीभ एका बाजूला वाकते, आणि गंज नसतानाही सुटणे सुरू होते. वीतभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्या, कन्व्हर्टर टेबलावर आडवा ठेवा. काही रुपयांत लॅपटॉपचा पोर्ट वाचतो.

एक गोष्ट अनेकांना उलटी वाटेल: रोज वापरातला लॅपटॉप कमी गंजतो. तो गरम होतो, त्यामुळे आतली हवा कोरडी राहते. मे महिन्यात कपाटात ठेवलेला आणि चाकरमानी गणपतीला आले म्हणून बाहेर काढलेला लॅपटॉपच जास्त त्रास देतो. न वापरायचा असेल तेव्हा कन्व्हर्टर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेवा. तांदळात ठेवू नका, त्याची भुकटी भोकांत जाते.

वीज

बराच वेळ नीट चालून मध्येच कन्व्हर्टर सुटत असेल, तर तो कधी सुटतो हे दोन-तीन वेळा नीट पाहा. वेळेवरून कारण ओळखता येते.

कॅसेटची बाजू उलटायला थांबलात, चहा घेतलात, आणि परत रेकॉर्डचे बटण दाबल्यावर कन्व्हर्टर नाही? हे विंडोजच्या वीज वाचवण्याच्या सोयीचे काम. यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड नावाची ही सोय रिकाम्या बसलेल्या वस्तूला झोपवते. रेकॉर्डिंग चालू असताना ती सहसा हात लावत नाही. आवाज थांबला की झोपवते, आणि स्वस्त कन्व्हर्टरांपैकी काही त्या झोपेतून उठतच नाहीत. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे चालू प्लॅनच्या अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, त्यात यूएसबी सेटिंग्ज. इथे 'ऑन बॅटरी' आणि 'प्लग्ड इन' अशा दोन वेगळ्या ओळी असतात, दोन्ही बंद करा. लोक फक्त चार्जरची ओळ बंद करतात, मग लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीच्या नियमांवर जातो आणि दुखणे परत येते. आपल्याकडे पावसात लाईट किती वेळा जाते ते वेगळे सांगायला नको.

काही नव्या लॅपटॉपवर ही ओळ दिसतच नाही. तिथे डिव्हाइस मॅनेजरच्या तळाशी 'युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्स' उघडा, प्रत्येक 'यूएसबी रूट हब'च्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट पाहा आणि वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यावे, या अर्थाच्या वाक्यासमोरची खूण काढा. विंडोजचे मोठे अपडेट आले की ही खूण परत तपासलेली बरी.

लाईट जाते त्याच क्षणी सुटत असेल तर कन्व्हर्टर हबमध्ये लावला आहे का बघा. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब लाईट जाताच आपल्या अडॅप्टरची वीज गमावतो, आणि त्यावरच्या सगळ्या वस्तू नव्याने ओळखल्या जातात. अडॅप्टर नसलेला हब तर आणखी कंजूष. नियमाप्रमाणे लॅपटॉपचा यूएसबी २चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो आणि यूएसबी ३चा ९००, पण लॅपटॉपकडूनच वीज घेणारा हब पुढच्या प्रत्येक भोकाला १०० मिलिअँपिअरचीच हमी देतो. साधा कन्व्हर्टर त्यात कसाबसा भागवेल. माइकला ४८ व्होल्ट पुरवणारे रेकॉर्डिंग इंटरफेस त्यात भागणार नाहीत. कन्व्हर्टर लॅपटॉपच्या थेट पोर्टात, माउस आणि पेन ड्राइव्ह हबवर, अशी वाटणी करा.

आता आपल्याकडचा खास प्रकार: विहिरीवरची मोटर. कुणीतरी माडांना पाणी सोडायला मोटर चालू करतो, आणि त्याच ठोक्याला कन्व्हर्टर सुटतो. फ्रिजच्या कॉम्प्रेसरचेही तसेच. मोटर सुरू-बंद होताना घरच्या वायरिंगमधून विजेचा एक तीव्र झटका जातो, डेकच्या वायरीतून तो कन्व्हर्टरपर्यंत पोचतो, आणि यूएसबीचे बोलणे तुटते. यावर पहिला उपाय फुकटचा: लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर रेकॉर्ड करा. दुसरा, यूएसबी केबल आखूड आणि चांगल्या आवरणाची ठेवा, आणि तिच्यावर कन्व्हर्टरच्या बाजूला फेराइटची चिमटीवजा नळी लावा. तिसरा, डेकचा प्लग मोटर-फ्रिजच्या लाईनवरून काढून दुसऱ्या लाईनवर न्या. मोटर लावणाऱ्याला अर्धा तास थांबायला सांगणे हाही उपाय आहे, पण तो घरातल्या हुद्द्यावर अवलंबून.

याच्याच शेजारचा त्रास म्हणजे 'हंऽऽ' असा गुरगुराट. तो सुटण्याचा दोष नाही, पण विचारणारे दोन्ही एकत्रच विचारतात. चार्जर काढल्यावर गुरगुराट गेला तर डेकचे अर्थिंग आणि लॅपटॉपचे अर्थिंग वेगवेगळ्या वाटांनी जमिनीला भेटते आहे, आणि त्या दोहोंमधून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरतो आहे. जांभ्या दगडात अर्थिंग मुळातच अवघड. जांभा विजेला सहज वाट देत नाही, म्हणून खड्ड्यात कोळसा-मीठ घालून तो ओला ठेवावा लागतो. मे महिन्यात खड्डा सुकतो आणि गुरगुराट वाढतो. डेक आणि कन्व्हर्टर यांच्यामध्ये छोटा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावला की बहुतेक वेळा काम होते. गाड्यांच्या साउंड सिस्टमचे सामान विकणाऱ्यांकडे तो 'ग्राउंड लूप आयसोलेटर' या नावाने मिळतो. प्लगची अर्थिंगची जाड पिन मोडून किंवा तिच्यावर टेप गुंडाळून गुरगुराट घालवणारे महाभाग आहेत. ते करू नका. ती पिन जीव वाचवायला असते.

लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर उतरवणे शक्यतो टाळा. घरगुती इन्व्हर्टरपैकी बरेच चौकोनी लहरीची वीज देतात, आणि डेकच्या आवाजात तिची कर्कश गुणगुण मिसळते. ती नंतर काढता येते, पण झांजेची धार घेऊनच जाते.

दिसतो, पण आवाज घेत नाही

इथे सेटिंगचा भाग येतो, आणि तो भरभर आटोपतो.

ऑडॅसिटी उघडी असताना कन्व्हर्टर लावला तर तिला तो दिसत नाही. ती उपकरणांची यादी सुरू होतानाच बनवते. ऑडिओ सेटअपमधून 'रीस्कॅन ऑडिओ डिव्हायसेस' करा, किंवा ऑडॅसिटी बंद करून परत उघडा.

'एरर ओपनिंग रेकॉर्डिंग डिव्हाइस' किंवा उणे ९९९९ असा आकडा आला तर आधी विंडोजच्या प्रायव्हसीत जाऊन मायक्रोफोन पाहा. डेस्कटॉप अॅप्सना माइक वापरू देण्याचा स्विच बंद असेल तर लाईन-इनसुद्धा बंद होते, कारण विंडोज कन्व्हर्टरच्या लाईन-इनलाही माइकच समजते.

यादीत '२- यूएसबी ऑडिओ डिव्हाइस', '३- यूएसबी ऑडिओ डिव्हाइस' अशी नावे जमली असतील तर घाबरू नका. स्वस्त कन्व्हर्टरला स्वतःचा अनुक्रमांक नसतो. म्हणून तो दुसऱ्या पोर्टात गेला की विंडोज त्याला नवा पाहुणा समजते, जुनी आवाजपातळी विसरते आणि ऑडॅसिटी भलतेच नाव धरून बसते. एक पोर्ट ठरवा, त्याच्याशेजारी नेलपॉलिशचा ठिपका द्या, आणि तोच वापरा.

एकाच बाजूने आवाज येतो किंवा दोन्हीकडे एकसारखाच येतो, तर तुमचा कन्व्हर्टर बहुधा माइकवाला आहे. पेन ड्राइव्हएवढे, दोन भोकांचे जे स्वस्त डोंगल मिळतात त्यांतल्या बहुतेकांची माइकची बाजू एकाच चॅनेलची असते. सी-मीडियाची सीएम१०८ ही त्यांत सर्रास सापडणारी चिप. ती माइकच्या काही मिलिव्होल्टसाठी बनलेली, आणि डेकचा लाईन-आउट साधारण पाव-अर्धा व्होल्ट देतो. आवाज फाटतो तो त्यामुळे. शिवाय अशा डोंगलमध्ये एजीसी नावाची, आवाज आपोआप कमी-जास्त करणारी खूण असते. ती चालू असेल तर बुवा गजर संपवून श्वास घेतात तेवढ्यात टेपची सरसर फुगून वर येते. साउंडच्या जुन्या खिडकीत रेकॉर्डिंगखाली कन्व्हर्टरच्या प्रॉपर्टीज उघडा, एजीसी आणि ऑडिओ एन्हान्समेंट बंद करा, फॉरमॅट २ चॅनेल, १६ बिट, ४८००० हर्ट्झ ठेवा. यादीत २ चॅनेल हा पर्यायच नसेल तर त्या डोंगलकडून स्टिरिओची आशा सोडा.

आवाज येतो, पण मधूनमधून टिकटिकतो? वाय-फाय बंद करा, लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूचा पोर्ट वापरून पाहा, फाईल पेन ड्राइव्हवर न साठवता लॅपटॉपच्याच डिस्कवर साठवा. बहुतेक टिकटिक इथेच थांबते.

टाइप-सी

टाइप-सी पिनेचे, पुढे हेडफोनचे भोक असलेले जोड दोन जातींचे असतात, आणि दिसायला एकसारखे. एकात छोटी चिप असते, ती आवाजाचे रूपांतर करते. दुसऱ्यात फक्त तारा असतात. तो काही ठराविक फोनच्या भोकातून तयार आवाज बाहेर काढतो. हा दुसरा लॅपटॉपला लावला तर वर सांगितलेली पूर्ण शांतता मिळते. त्यात बिघाड काही नाही, तो लॅपटॉपसाठी नाहीच. पाकिटावर 'डॅक' असे छापले असेल तर पहिल्या जातीचा समजा. आणि हे जोड बहुतेक हेडफोनसाठीच असतात. कॅसेट उतरवायला लागणारी स्टिरिओ आत घ्यायची बाजू त्यांना नसते.

आता ड्रायव्हर

साधे कन्व्हर्टर यूएसबी ऑडिओच्या पहिल्या प्रमाणावर चालतात. त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातच असतो, वेगळा टाकायचा नसतो. महाग कन्व्हर्टर आणि इंटरफेस दुसऱ्या प्रमाणावर चालतात. त्याचा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टने विंडोज १०च्या १७०३ या आवृत्तीत, २०१७मध्ये, आत घातला. म्हणून विंडोज ७ किंवा ८.१ असलेल्या जुन्या लॅपटॉपवर असा कन्व्हर्टर लावला तर ओळख पटते, पण पिवळा त्रिकोण हटत नाही. तिथे मात्र कंपनीच्याच साइटवरून ड्रायव्हर घ्यावा लागतो. विंडोज ११वर उलटे होते: कंपनीचा फार जुना ड्रायव्हर मेमरी इंटेग्रिटी या सुरक्षेपुढे अडतो. त्या वेळी कंपनीचा काढून विंडोजचा साधा राहू द्या. सुरक्षा बंद करण्याची गरज नाही.

कोड १० दिसला, म्हणजे ओळख पटली पण उपकरण सुरू होत नाही, तर डिव्हाइस मॅनेजरमधून ते अनइन्स्टॉल करा, पिन काढा आणि 'रीस्टार्ट' करा. 'शट डाउन' करून परत चालू करणे म्हणजे रीस्टार्ट नव्हे. विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप आल्यामुळे शट डाउननंतर आतला बराच भाग तसाच साठवलेला परत येतो, दुखण्यासकट. रीस्टार्टमध्ये सगळे नव्याने सुरू होते. 'तुमचे सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारे प्रोग्राम टाकू नका, ते फक्त नवी दुखणी आणतात.

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलेल्यांना एक फायदा आहे. ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच असतो, आणि कर्नलचा लॉग सरळ बोलतो. त्यात 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड' आणि शेवटी उणे ७१ दिसले तर केबल, पिन किंवा वीज. उणे ११० म्हणजे उपकरणाने वेळेत उत्तर दिले नाही. दोन्हीत पुन्हा खारी हवा आणि वीज हेच भाग वाचा.

बदलायचाच असेल तर

पिन साफ, केबल नवी, फोनवरही आणि दुसऱ्या लॅपटॉपवरही तेच, असे झाले की कन्व्हर्टर गेला असे समजायला हरकत नाही. आत बहुधा १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक असतो, खाली पडल्यावर तो तडकतो. किंवा यूएसबीच्या पिनेचे डाख सुटलेले असतात. डाख दुरुस्तीवाला देईल, स्फटिकासाठी मात्र खटाटोप करण्यापेक्षा नवा परवडतो.

नवा घेताना 'साउंड कार्ड' असे सांगू नका, दुकानदार माइकवाले डोंगल काढून देतो. लाल-पांढरी दोन भोके असलेला, लाईन-इन स्टिरिओ घेणारा मागा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची पीसीएम२९०२ किंवा तिच्या कुळातली चिप असलेले कन्व्हर्टर कॅसेटसाठी पुरेसे आहेत. १६ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या पलीकडे कॅसेटमध्ये पकडण्यासारखे काही नसते, तेव्हा १९२ किलोहर्ट्झच्या जाहिरातीवर जास्तीचे पैसे घालवू नका. आणि शक्यतो यूएसबीची केबल अंगाला कायमची जोडलेली नको. प्रिंटरला असते तसे चौकोनी टाइप-बी भोक असलेला घ्या. आपल्याकडे आधी केबलची पिन जाते, आणि ती केबल कुठल्याही प्रिंटरच्या दुकानात मिळते.